मुराळी

श्रावणाची झडी काही केल्या उघडत नव्हती. एकदाचा कोसळून मोकळा होईल असा पाऊस नव्हता तो. दिवसभर नुसती भुरभुर, आणि मुगाच्या शेंगा काळ्या होऊन तोडणीला आलेल्या. शेंग ओली होऊन झाडाला राहिली की आतल्या आत दाण्याला कोंब फुटे. म्हणून प्रेमराजच्या वावरात तिघी बायका सकाळपासून वाकलेल्या होत्या. प्रेमराजची बायको सुलक्षणा, आई चमेलीबाई आणि बहीण मयुरी. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, कमरेला ओटी. चिखलातून पाय उपसला की चप्पल आतच राही, म्हणून तिघी अनवाणी. ओल्यानं बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती.

मयुरी डाव्या हातानं तोडत होती. तिच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं वाकत नव्हती. तळव्याची कातडी ताणून चिकटवल्यासारखी दिसायची आणि गार हवेत दुखायची. त्यामुळे तिची ओळ मागे पडे.

"हात चालाड व माय, हात," चमेलीबाई मागे न बघता बोलल्या. "आभायकडे दखीसन शेंगा तुटतस का?"

"तुटी ऱ्हायन्यात ना माय."

"तुटी ऱ्हायन्यात. आखाजीनी येल पोर, श्रावन उना तरी घरमाच. लोके इचारतस, मी काय सांगू?"

 सुलक्षणानं सरकता सरकता नणंदेच्या ओळीतली चार झाडं उरकून टाकली.

मयुरी सासरहून एकटीच आली होती. भर उन्हात एसटीतून उतरली, हातात एक पिशवी, हाताला जुन्या लुगड्याची चिंधी. दुसऱ्या दिवशी न्हाणीत तिच्या डोक्यावर पाणी घालताना सुलक्षणानं चिंधी सोडली आणि मयुरीनं सगळं सांगितलं. सासूनं तव्यावर हात कसा दाबला, कशासाठी दाबला, आणि त्याआधी काय काय झालं.

सुलक्षणानं त्यावर गोष्ट लिहिली. ती अधूनमधून लिहायची. पूजा झाली, चूल आटोपली की पाठकोऱ्या कागदांवर दोन ओळी, चार ओळी. गोष्टीत मयुरीचं नाव गोदा केलं, गाव बदललं. शेवटी गोदाचा भाऊ मुराळी म्हणून येतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळींना माहेरी न्यायला जाणाऱ्या माणसाला मुराळी म्हणतात. बहिणीचा हात बघून तो वाढलेल्या ताटावरून उठतो आणि तिला मोटरसायकलवर बसवून घेऊन जातो. धुळ्याच्या एका छोट्या मासिकानं ती गोष्ट छापली. प्रेमराजनं तो अंक पिशवीत घालून सगळ्या फाट्यावर दाखवला. "मनी बायको लेखिका शे," म्हणे, आणि शेवटचं पान उघडून समोरच्याला वाचायला लावी. मासिकवाल्यांनी धुळ्याला बोलावून नारळ-शाल दिली तेव्हा सुलक्षणा एवढंच म्हणाली होती, "मी काही लेखिका नाही. देवानं सुचवलं ते उतरवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला ते खरंच वाटत होतं.

बांधावर मोटरसायकल थांबली. प्रेमराज चिखल तुडवत आत आला. त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी उजेड होता.

"माय, गिरधरनानाना फोन उना व्हता."

गिरधरनाना म्हणजे मयुरीचे सासरे. चमेलीबाईंनी ओटीतल्या शेंगा तशाच सोडल्या.

"काय म्हने?"

"सोमवारे येतस. मयुले लई जातीन."

"कानबाई माय, ऐकं व तू!" चमेलीबाईंनी चिखलाचेच हात जोडले. कुळाची देवी कानबाई घरात बसायला एक दिवस राहिला होता, आणि त्याआधीच ती पावली असं त्यांना वाटलं.

मयुरी उभी राहिली. तिचा चेहरा कसा झाला ते खोळीमुळे दिसलं नाही.

"पन एक गोट शे," प्रेमराज सुलक्षणाकडे वळला. "ती गोष्ट त्यासना गावमां पोहोचनी. कोनी तरी पानंना फोटो काढीसन त्यासना भाऊबंदना ग्रुपवर टाकी दिधा. दुकानवर वाचीसन दखाडतस म्हने. नाना म्हनतस, पोरले लई जासूत. पन तुमनी सूनबाईनी कानबाईना नारय हातमां लिसन सांगाले पाहिजे, का हाई बठ्ठं खोटं शे. मी कोनी लेखक नही, आनि परत लिखाव नही."

"इतलंच ना?" चमेलीबाई म्हणाल्या. "सांगी देई ती. काय व सुलक्षणा?"

सुलक्षणानं मान हलवली. त्या मानेचा अर्थ सासूनं हो असा घेतला.

त्या संध्याकाळी घरात सगळीकडे शेंगा होत्या. ओसरीत, खाटेवर, पंख्याखाली. चुलीवर तवा ठेवून चमेलीबाई मूठ मूठ शेंगा शेकत होत्या. वास कोंदट, धुराचा. पंखा सादळलेली हवाच फिरवत होता.

मयुरी आणि सुलक्षणा शेंगा पसरत होत्या.

"वहिनी, म्हनी टाक ना," मयुरी हळूच म्हणाली.

"तुले जानं शे तठे?"

"आठे तरी काय शे?" मयुरीनं ओसरीकडे बघितलं. तिथे तिचा भाऊ मोबाइलवर हवामान बघत बसला होता. "दादा मनासंगे बोलस का? माय रोज उठीसन तेच. तठे निदान मार खाईसन पोयी तं मिळस. तू सांगी टाक. तुले काय, तू कोठली लेखिका शे?"

शब्द कडू नव्हते, विनवणीचेच होते. सुलक्षणानं शेंगा सारख्या केल्या. खरंच, आपण कोठली लेखिका? एक गोष्ट छापून आली. ती खोटी म्हटली तर कोणाचं काय जातं? पोरीचा संसार लागतो. देव एवढं समजून घेतो.

पण नारळ हातात घेऊन बोलायचं होतं. तिथे तिचं पाऊल अडत होतं. रोजची तुळस, सोमवार, शनिवार, चातुर्मासाचा नेम ती कधी चुकली नव्हती. आणि ती नेमाची होती हेच गिरधरनानांनी हेरलं होतं. दुसऱ्या कोणाकडून त्यांनी आण मागितली नसती. शब्द फिरवून चालणार नाही अशीच बाई त्यांना हवी होती.

रविवारी कानबाई बसली. सासूच्या सासूपासून चालत आलेला नारळ देव्हाऱ्यातून उतरवला, त्याला चांदीचे डोळे आणि नथ लावली, चौरंगावर हिरव्या खणात बसवला. गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर, आणि कुळातल्या प्रत्येक पुरुषामागे मापून घेतलेल्या पिठाचे रोट. हे रोट ज्याच्या त्याच्या भाऊबंदकीनंच खायचे. परक्याला देत नाहीत. लग्न होऊन गेलेली लेक परक्या कुळाची, तीही खात नाही. मग घरात सगळे रोट मोडायला बसले तेव्हा मयुरी कोपऱ्यात वेगळी भाकरी घेऊन बसली. पाट्यावरची चटणी आणि भाकरी. भाऊबंदांची लहान पोरं तिच्याकडे टकाटका बघत होती. 

बायका गाणी म्हणायला आल्या. "सुलक्षणा, तू सांग व, तुना गया चांगला शे," असं म्हणून तिला पुढे बसवलं. तिनं दोन गाणी सांगितली, तिसऱ्याला तिचा आवाज निघेना. चमेलीबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, तिले सकाळी बोलनं शे." सगळ्या हसल्या. म्हणजे गावाला माहीत होतं.

सोमवारी सकाळी, कानबाई नदीवर न्यायच्या आधीच, पाहुणे आले. भाड्याची गाडी दारापर्यंत चिखलात आली नाही. गिरधरनाना धोतर सावरत चालत आले, मागे त्यांची बायको मंजुळाबाई, त्यांच्या मागे मयुरीचा नवरा जगदीश. जगदीश मान वर करत नव्हता. चमेलीबाईंनी पाय धुवायला गरम पाणी दिलं. मंजुळाबाईंनी पाय धुतले, मग पदर डोक्यावर घेऊन चौरंगासमोर डोकं टेकलं, आणि उठता उठता म्हणाल्या:

"माय, तू दखस ना? आमीन काय राक्षस शेत? आमनी सूनना हात आमीन भाजसूत? लोके दुकानवर आमले पाहीसन हासतस."

"ऱ्हाऊ द्या हो विहीनबाई," चमेलीबाई घाईनं बोलल्या. "आमनी सून साधी शे. तिले काय समजस?"

"साधी मानसंच जास्त लिखतस."

गिरधरनानांनी हात वर केला. ते कधी मोठ्यानं बोलत नसत. "भांडन करनं नही. कोनी कोनाले काय म्हनाव नही. बेटा, इकडे ये. नारय हातमां ले."

सुलक्षणानं आंघोळ करून नेसलेलं लुगडं अजून ओलसर होतं. सोमवारचा उपास होता. तिनं दोन्ही हातांनी नारळ उचलला. तो दिसतो त्यापेक्षा जड होता. आतलं पाणी कधीच आटलेलं, तरी जड.

दारात भाऊबंदांच्या बायका उभ्या होत्या. प्रेमराज भिंतीला टेकून होता. मयुरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, पिशवी भरून तयार.

"म्हन," नाना म्हणाले. "जे लिखं ते खोटं शे."

सुलक्षणानं तोंड उघडलं. शब्द जिभेपर्यंत आला. पण चांदीचे डोळे तिच्याकडे बघत होते, आणि देवीसमोर खोटं म्हणायचं तर खोटं नेमकं कुठे आहे ते तरी आपल्याला माहीत असावं, असं तिला वाटलं. ती मनातल्या मनात गोष्ट पहिल्यापासून म्हणू लागली, जपमाळेचा मणी ओढावा तशी ओळ ओळ ओढत. गोदा माहेरी फोनवर बोलत होती आणि तव्यावरची पोळी करपली. खरं. सासू काही न बोलता उठली. खरं. तिनं मनगट धरलं. हात तव्यावर टेकला तेव्हा आधी आवाज आला आणि वास मागून आला. हे तर मयुरीनं सांगितलं तसंच. ही ओळ सुलक्षणानं पाच-सहा वेळा खोडली होती, तिथे काहीतरी मऊ घालायला बघितलं होतं, आणि शेवटी होती तशी ठेवली होती. हळद लावली, चिंधी बांधली. चिंधी बांधणाऱ्या सासूचे हात थरथरत होते, तेही लिहिलं होतं. तेही खरं होतं.

तिचं बोट कुठेच थांबेना. आणि मग ती शेवटाला आली.

"म्हन ना बेटा," नाना म्हणाले.

"यामां खोटं शे," सुलक्षणा म्हणाली.

"जय कानबाई!" चमेलीबाई रडू लागल्या. दारातल्या बायका हलल्या. मंजुळाबाईंनी पदर नीट केला.

"शेवट खोटा शे," सुलक्षणा पुढे बोलली. तिचा आवाज नेहमीसारखाच खालचा होता, त्यामुळे सगळ्यांना कान द्यावा लागला. "भाऊ ताटवरथून उठना असं मी लिखं. तो उठना नही. तो जेवना, हात धोयात, आनि एकलाच गाडीवर बसीसन घर उना. मयुताई मांगथून एकली उनी. इतलं मी खोटं लिखं. बाकी बठ्ठं खरं शे."

ओसरीत फक्त पन्हाळीचं पाणी वाजत होतं.

प्रेमराजनं भिंतीवरची पाठ काढली. त्यानं काही बोलायला तोंड उघडलं आणि दारातल्या बायकांकडे बघितलं. त्या सगळ्या त्याच्याकडेच बघत होत्या. फाट्यावर ज्यानं ते शेवटचं पान गावाला वाचून दाखवलं होतं, त्याच्याकडे.

"आनि परत लिखसू नही, ते?" गिरधरनानांनी विचारलं. आवाज अजून शांतच होता.

"ते मना हातमां नही, नाना."

मंजुळाबाई टाळी वाजवून उठल्या. "दखा! जी आपला नवराले सोडत नही ती आपले काय सोडी? मी म्हनत व्हतू ना, हाई साधीसुधी नही, हाई खरीच लिखनारी शे. चला. जगदीश, ऊठ."

लेखिका म्हणाले होते, पण खरीच लिहिणारी असं आजवर सुलक्षणाला कोणी म्हटलं नव्हतं. शाल देणाऱ्यांनी नाही, नवऱ्यानंही नाही. म्हटलं ते ह्या बाईनं, दात खाऊन.  तिनं नारळ खणात ठेवला आणि चौरंगाला धरून बसली.

चमेलीबाईंनी गिरधरनानांचे पाय धरले. "नाना, ती येडी शे. उपासनी शे, डोकं फिरनं तिनं. पोरले लई जा. मना मांगे कोन करी तिनं? तुमना पाय धरस..."

"उठा, विहीनबाई."

"नही उठाव मी. हो म्हना."

तेवढ्यात मयुरी उंबऱ्यावरून हलली. पिशवी तिथेच राहिली. ती चौरंगापाशी आली, नैवेद्याच्या ताटातला रोट उचलला, डाव्या हातानं धरून दातांनीच तोडला आणि खाल्ला. कालचा रोट, वातड झालेला. तिला तो चावेना. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी ती उभ्यानं चावत राहिली.

"रोट खादा!" दारातून कोणीतरी ओरडलं. "माय व, सासरवाशीननी रोट खादा!"

मंजुळाबाई थांबल्या. "तुना तूच निवाडा कया ना? आते तू आमना कुळनी नही. ये नको आमना दारशी."

"नही येनार," मयुरी म्हणाली. तोंडात घास असल्यामुळे शब्द नीट आले नाहीत, पण सगळ्यांना समजले.

गाडी चिखलात रुतली होती. भाऊबंदांच्या पोरांनी ढकलून काढून दिली.

कानबाई नदीवर गेली ती मुकी गेली. दर वर्षी बायका फुगड्या घालत नेतात. चमेलीबाईंनी घरी येऊन अंथरूण धरलं. भिंतीकडे तोंड करून त्या एवढंच म्हणत राहिल्या, "दोन्ही घरं बुडायनी हिनी. दोन्ही घरं."

झडी उघडली नाही. शेवटच्या तोडणीच्या शेंगा फोडल्या तर प्रत्येक दाण्याला पांढरा कोंब. दळायलाही नको आणि बियालाही नको. तो मूग गुरांपुढे टाकला. मयुरी आणि सुलक्षणा एका ओळीत काम करत, पण मयुरी बोलत नव्हती. कधी मध्येच थांबून उजव्या हाताचा तळवा ओटीत दाबून धरी. एकदा म्हणाली, "वहिनी, मी रागमां खादा का तुनाकरता खादा, तेच समजत नही," आणि पुन्हा वाकली.  मयुरीचं पुढे काय, हे कोणालाच माहीत नव्हतं.

प्रेमराज ओट्यावर झोपू लागला. फाट्यावर जाणं त्यानं सोडलं, कारण पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवर कोणीतरी हाक मारली होती, "काय मुराळी, जेवन व्हयनं का?" आणि मग सगळी टपरी हसली. आता पोरंसोरंही लांबून तेवढंच ओरडून पळत. मोटरसायकल आडवी लावून तो एकाला मारायलाही धावला होता. तेव्हापासून हाक जास्तच.

सुलक्षणा रोज तुळशीला पाणी घालताना देवीची क्षमा मागे. पण कशाची मागायची ते तिला ठरवता येत नसे. खोटं लिहिलं त्याची, की खरं बोलली त्याची? घर तर खऱ्यानं मोडलं होतं.

एक दिवस दिवेलागणीला ती चुलीपाशी कागद घेऊन बसली. मासिकवाल्यांनी काही मागितलं नव्हतं. ती गोष्ट पुन्हा कोणी छापणारही नव्हतं. तरी तो शेवट तिला ओल्या लुगड्यासारखा अंगाला चिकटून राहिला होता. तिनं लिहिलं, 'भाऊ पोटभर जेवला.'

प्रेमराज पाणी प्यायला आत आला. तिच्यामागे उभा राहिला. बऱ्याच दिवसांनी तो तिच्या इतका जवळ आला होता.

"काय लिखी ऱ्हायनी?"

"शेवट."

"आते काय उरनं लिखाले?" त्याचा आवाज चिरकला. "वावर गयं, माय झोपनी, गावमां तोंड दखाडता येत नही. आजून शेवट?"

 त्यानं वाकून कागद वाचला. फाडेल असं तिला वाटलं, आणि तिनं हात आडवा घातला नाही.

"पोटभर नही जेवनू मी," तो म्हणाला.

सुलक्षणानं वर बघितलं. चुलीच्या उजेडात तो म्हातारा दिसत होता. उठून त्याचा हात धरावा, म्हणावं की ऱ्हाऊ द्या, मी काही लिहीत नाही. बायकोनं हेच करायचं असतं. ती उठली नाही.

"मंग?" तिनं विचारलं. "कसं व्हयनं?"

हे बायकोनं विचारलेलं नव्हतं. दोघांनाही ते कळलं. तिला स्वतःचीच भीती वाटली, पण पेन हातातून सुटलं नाही.

प्रेमराज चुलीपाशी बसला. 

"मी पानी मांगं," तो म्हणाला. "ती तांब्या लई उनी. डावा हातघाई दिधा. मी म्हनू, काय व, सासरी ऱ्हाईसन रीत भुलनी का, डावा हातघाई पानी देतस का कोनी? तिनी सासू हासनी. मंग तिनी उजवा हात दखाडा. चिंधी..." तो थांबला. "मी तांब्या लिधा. पानी पिधं. आनि जेवत ऱ्हायनू."

बाहेर पन्हाळीचं पाणी तसंच वाजत होतं. सुलक्षणानं 'पोटभर जेवला' हे खोडलं आणि त्याखाली तांब्यापासून लिहायला घेतलं. तो समोर बसून बघत होता. तिनं त्याच्याकडे पुन्हा मान वर केली नाही.